फुगवट्यात बुडालेलं जिरं

नदीला पहिला मोठा पूर आला की आमचं काम सुरू होतं. रोहू, कटला, मृगळ हे मासे चढत्या पाण्यात अंडी घालतात आणि ती अंडी प्रवाहाबरोबर खाली निघतात. फलित अंडं पाणी शोषून टपोरं होतं, तरी पाण्यापेक्षा किंचित जडच राहतं. पाणी खेळतं असेल तोवर ते अधांतरी असतं, पाणी थांबलं की तळाला बसतं. उबदार पाण्यात पंधरा-अठरा तासांत त्यातून जिरं, म्हणजे माशाचं इवलंसं पिल्लू, बाहेर पडतं. जेमतेम 5 मिलिमीटर लांब, पोटाला बलकाची पिशवी, आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याचं बळ शून्य. बलक संपेपर्यंतचे तीनेक दिवस ते पाणी नेईल तिकडे जातं.

त्या दिवशी आम्ही धरणाच्या वरच्या अंगाला नदीत या अंड्यांचे आणि जिऱ्यांचे नमुने घेत होतो. पहिलं ठिकाण फुगवट्याच्या, म्हणजे धरणामुळे मागे साचलेल्या पाण्याच्याही वर, जिथे नदी अजून वाहती होती. पुढची ठिकाणं फुगवट्याच्या तोंडाशी, मधोमध आणि भिंतीजवळ. जाळं शंकूसारखं, अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांचं. तोंडाशी पाणी मोजणारी फिरकी आणि शेपटाला बरणी. धरणाच्या कामावरचे एक इंजिनिअर साहेबही त्या दिवशी होडीत होते. फिश लॅडर, म्हणजे माशांना धरण चढून जायला पाण्याचा जिना, बांधायचा प्रस्ताव त्यांच्याकडे आला होता, म्हणून मासे कुठवर येतात ते त्यांना बघायचं होतं.

वरच्या ठिकाणी बरणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतली आणि सगळे वाकून बघू लागले. पाणी गढूळ होतं, काडीकचरा होता आणि त्यात काचेसारखी पारदर्शक अंडी. भिंगाखाली एका अंड्यातला गर्भ अंग वळवून झटका देत होता, थांबत होता, पुन्हा झटका देत होता. साहेब बराच वेळ भिंगावरून हलले नाहीत.

फुगवट्याच्या तोंडाशी पाण्याचा रंगच बदलला. वेग मंदावला की नदी आधी गाळ टाकते, आणि गाळाबरोबर अंडीही खाली जातात. तिथल्या वरच्या थरात जाळ्याला फारसं काही लागलं नाही. तळाजवळचं जाळं ओढलं तेव्हा अंडी मिळाली, पण दुधाळ पांढरी पडलेली, काहींवर गाळाचं पातळ आवरण. अंडं असं पांढरं पडलं की ते मेलेलं असतं. मधोमध चार-दोन जिरी सापडली. भिंतीजवळच्या बरणीत एकही नव्हतं.

"मॅडम, म्हणजे इथे मासे अंडीच घालत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला होता, आणि मला वाटतं धरणांबद्दलची बहुतेक चर्चा इथेच अडते. वर चढणारा मोठा मासा भिंतीला धडकताना डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यासाठी जिने बांधले जातात. पण पिल्लांनी खाली यायचं कसं, हे कुणी विचारत नाही. जिन्याने वर गेलेला मासा अंडी घालेलही, पण त्यानंतर लांबलचक साचलेलं पाणी लागलं तर ती अंडी भिंतीपर्यंत पोहोचणारच नाहीत. मी त्यांना हॅचरीची, म्हणजे माशांची अंडी उबवायच्या केंद्राची, आठवण करून दिली. चायनीज सर्क्युलर हॅचरीत गोल टाकीत पाणी सतत फिरतं ठेवतात ते एवढ्याचसाठी, अंडी खाली बसू नयेत म्हणून. हे त्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे लगेच पटलं.

अमेरिकेतल्या मिसुरी नदीतल्या पॅलिड स्टर्जन माशाचंही सांगितलं. त्याची पिल्लं शेकडो किलोमीटर वाहत जातात, आणि वाटेत जलाशय आला की त्याच्या मुखाशी तळाला जाऊन बसतात. तिथे सडणाऱ्या गाळामुळे प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हातारे मासे अजून अंडी घालतात, पण तिथे कित्येक दशकं नवी पिढी उभी राहिलेली नाही.

धरणातून खाली जाताना वीजनिर्मितीच्या टर्बाइनचा धोका आहेच. बलकाच्या पिशवीहून वेगळी अशी पोटातली हवेची पिशवी भरायला लागलेल्या पिल्लांना अचानक घटणारा दाब सोसत नाही, ती पिशवी फाटते. शिवाय फुगवट्यात पाणी नितळ होतं आणि नजरेने शिकार करणाऱ्या माशांना जिरं स्वच्छ दिसतं. गढूळपणाचा आडोसा गेलेला असतो. पण आमच्या बरण्यांकडे बघता इथली बहुतेक अंडी या दोन्ही संकटांच्या आधीच संपत होती.

परतताना साहेब मुद्द्यावर आले. "मग करायचं काय? धरण तर आहेच."

मी म्हटलं, पुराच्या सुरुवातीला, अंडी वाहत असतात त्या मोजक्या दिवसांत, जलाशयाची पातळी खाली ठेवा. फुगवटा आखूड होईल, पाणी लवकर पार होईल. पूर ओसरताना भरून घ्या. चीनमध्ये यांगत्से नदीवर थ्री गॉर्जेस धरणातून 2011 पासून कार्प माशांच्या विणीसाठी मुद्दाम पाणी सोडतात. तिथे हेतू अंडी घालायला चालना देण्याचा आहे, तरी माशांचं वेळापत्रक पाहून दरवाजे हलवता येतात एवढं त्यातून नक्की कळतं.

साहेबांनी ना हो म्हटलं, ना नाही. पाऊस दगा देईल आणि धरण भरायचं राहील, ही त्यांची भीती खरी आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "नेमके किती दिवस, आणि पातळी किती खाली?"

याचं उत्तर अंदाजाने देऊन चालणार नाही. पातळी किती असताना पाणी फुगवट्यातून किती तासांत पार होतं, आणि तेवढ्यात जिरं किती मोठं होतं, हे जुळवावं लागेल. त्यांनी पातळीच्या नोंदी द्यायचं कबूल केलंय, आमचे नमुने प्रयोगशाळेत आहेत. माशांच्या जातींप्रमाणे मोजणी झाली की दोन्ही एकत्र मांडून पुढच्या पुराआधी त्यांच्या टेबलावर ठेवायचं आहे.