सकाळपासून पाणी प्यायली नाहीस ना?

माझी आई एसटीने कुठे जायचं असलं की सकाळपासून पाणी प्यायची नाही. सोलापूर ते पुणे, मे महिन्याचं ऊन, आणि आई नुसते ओठ ओले करायची, कारण मधल्या स्टँडवर बाईने जावं अशी जागाच नसायची, असली तरी दाराला कडी नसायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, बाईमाणूस असंच करतं एवढंच माहीत होतं. हे सगळं एकदम आठवलं २०१६ साली, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॉलीमध्ये, माझ्या शेजारी बसणारी कलीग लंचला सूप नको, कॉफी नको, पाणीसुद्धा नको म्हणायला लागली तेव्हा.

ती ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली बाई. मी जॉइन झाले त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती बाई म्हणूनच जगत होती, बायकांच्याच बाथरूममध्ये जात होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आम्ही दोघी कन्सल्टंट, प्रोजेक्ट राज्य सरकारच्या एका खात्याचं, त्यामुळे बसायचो सरकारी इमारतीत. आणि २३ मार्च २०१६ ला एचबी २ नावाचा कायदा आला की सरकारी इमारतीत आणि पब्लिक शाळा-युनिव्हर्सिट्यांमध्ये बर्थ सर्टिफिकेटवर जे लिंग लिहिलंय त्याच बाथरूममध्ये जायचं. त्या राज्यात तेव्हा सर्टिफिकेट बदलायचं तर आधी ऑपरेशन झालेलं पाहिजे, आणि तिचं झालं नव्हतं, आणि ते कुणी तिला का विचारावं हे मला आजही कळत नाही.

तो कायदा ज्या घाईने केला ते बघून मी हादरले होते. फेब्रुवारीत त्याच राज्यातल्या शार्लट शहराच्या सिटी कौन्सिलने ७ विरुद्ध ४ मतांनी ठराव केला होता की समलैंगिक आणि ट्रान्स लोकांशी भेदभाव करायचा नाही, तो १ एप्रिलला लागू होणार होता. तो हाणून पाडायला राज्याने खास अधिवेशन बोलावलं, सकाळी बिल आलं, संध्याकाळी सिनेटमधले डेमोक्रॅट्स निषेध म्हणून उठून बाहेर गेले, आणि गव्हर्नर पॅट मॅक्रोरींनी त्याच रात्री सही केली. बारा तासांचा खेळ! बाथरूमचा गाजावाजा झाला पण त्याच कायद्यात हेही होतं की कुठल्याही शहराने स्वतःचा भेदभावविरोधी नियम करायचा नाही, खासगी कंपन्यांसाठी स्वतःचं किमान वेतन ठरवायचं नाही. भीती दाखवायला बाथरूम पुढे केलं आणि मागून बाकीचं सगळं आत घेतलं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

मी तेव्हा काय केलं? काही नाही. मी एच-वन-बी व्हिसावर होते, ग्रीन कार्डच्या रांगेत होते, आणि आमच्या मराठी ग्रुपवर एकच सूर होता की आपण इथे पाहुणे, आपल्याला काय करायचंय. शिवाय माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, आणि ग्रुपवरच्या मैत्रिणी विचारायच्या की उद्या तिच्या बाथरूममध्ये एखादा पुरुष शिरला तर? ती भीती मला खोटी वाटत नाही, वाटणारच नाही, मी एसटी स्टँडवर वाढलेय. पण त्या भीतीचं उत्तर हा कायदा नाही. बाथरूममध्ये घुसून बाईला त्रास देणं, चोरून बघणं हा गुन्हा आधीपासूनच होता, सगळीकडे आहे. ज्याला ते करायचंय तो बाहेरची पाटी वाचून थांबत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये काही गावांनी ट्रान्स लोकांना संरक्षण देणारे नियम केले होते आणि काहींनी केले नव्हते, संशोधकांनी दोन्हीकडच्या पोलीस तक्रारी ताडून बघितल्या, नियमांमुळे गुन्हे वाढल्याचं काही सापडलं नाही. हे २०१८ मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी तिथल्या मतदारांनी ६८ टक्के मतांनी ट्रान्स लोकांना संरक्षण देणारा राज्याचा कायदा राखला.

आणि उलट बाजू तर कुणी विचारातच घेत नाही. बर्थ सर्टिफिकेटप्रमाणे जायचं म्हटलं तर ट्रान्स पुरुष, ज्याला भरघोस दाढी आहे, आवाज घोगरा आहे, त्याला कायद्याने बायकांच्या बाथरूममध्ये पाठवता तुम्ही. माझ्या मुलीला कशाने दचकायला होईल? शिवाय तपासणार कोण आणि कसं? सर्टिफिकेट खिशात घेऊन कुणी फिरत नाही, म्हणजे तपासायचं ते चेहऱ्यावरून, केसांवरून, खांद्यांवरून. मग उंच, केस बारीक कापलेल्या, आवाज जाड असलेल्या प्रत्येक बाईला आपण बाई आहोत हे सिद्ध करावं लागणार. बोस्टनमधल्या एका हॉटेलात मे २०२५ मध्ये नेमकं तेच झालं, जन्माने बाई असलेल्या बाईला सिक्युरिटी गार्डने बाथरूममध्ये येऊन बाई असल्याचा पुरावा मागितला. आणि तिथे तर असा कायदाही नाही, नुसती हवा पुरते.

परत माझ्या कलीगकडे येते. तिला त्या वर्षी दोनदा युरिन इन्फेक्शन झालं. आमच्या मजल्यावर एकट्याने जायचं बाथरूम नव्हतं, रस्त्यापलीकडच्या कॉफी शॉपमध्ये जायची, खासगी जागांना हा कायदा लागू नव्हता म्हणून. दर वेळी कॉफी विकत घ्यायची आणि टाकून द्यायची, प्यायची नाही. नंतर मी २०१५ च्या एका मोठ्या सर्व्हेचे आकडे वाचले, अमेरिकेतल्या २७,००० हून जास्त ट्रान्स लोकांना विचारलं होतं, त्यातले ५९ टक्के म्हणाले आम्ही वर्षभरात कधी ना कधी भीतीने सार्वजनिक बाथरूम टाळलं, ३२ टक्क्यांनी त्यासाठी खाणंपिणं कमी केलं, ८ टक्क्यांना इन्फेक्शन किंवा किडनीचा त्रास झाला. आणि हे एचबी २ च्या आधीचे आकडे!

त्या सप्टेंबरमध्ये तिला मी गणपतीच्या कार्यक्रमाला बोलावलं. कार्यक्रम नेहमीप्रमाणे एका पब्लिक हायस्कूलच्या हॉलमध्ये, म्हणजे तिथेही तोच कायदा, आणि माझ्या डोक्यातच आलं नाही. ती माझी जांभळी साडी नेसून आली होती, सुंदर दिसत होती. जेवायला पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, आणि हिने पाण्याला हात लावला नाही. माझ्या सासूबाई तेव्हा सांगोल्याहून आल्या होत्या, त्या तिच्या शेजारी बसल्या होत्या, इंग्लिशचा गंध नाही. त्यांनी तिच्याकडे दोनचारदा बघितलं, मग उठल्या, तिचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "अगं हिला जायचंय, कधीची अवघडून बसलीय. बाईमाणूस परक्या ठिकाणी एकटं जात नसतं, चल मी येते म्हणावं." आणि गेल्या की तिला घेऊन बायकांच्या बाथरूममध्ये. बाहेर दाराशी पदर खोचून उभ्या राहिल्या. रात्री घरी गेल्यावर मी त्यांना समजावून सांगायला लागले की ती कोण, कायदा काय, तर म्हणाल्या, "मला काय दिसत नव्हतं व्हय? तिला भ्या वाटत होतं एवढं दिसलं." त्यांनी लग्नानंतर वीस वर्षं टमरेल घेऊन पहाटे अंधारात जाऊन काढलीत, दिवसभर दाबून धरणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. कायद्याच्या निषेधात पेपॅल कंपनीने शार्लटमधलं ४०० नोकऱ्यांचं ऑफिस रद्द केलं होतं, गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने ग्रीन्सबरोचा कार्यक्रम रद्द केला, बास्केटबॉलवाल्या एनबीएने २०१७ ची ऑल-स्टार मॅच शार्लटमधून न्यू ऑर्लिन्सला नेली. नोव्हेंबरमध्ये मॅक्रोरी सुमारे दहा हजार मतांनी हरले. ३० मार्च २०१७ ला एचबी २ मागे घेतला, पण तडजोड अशी की शहरांनी डिसेंबर २०२० पर्यंत नवीन भेदभावविरोधी नियम करायचे नाहीत. आम्हाला आनंद झाला, पेढे वाटले, पण मनात हेही होतं की सरकार हललं ते पैशाने. तिच्या इन्फेक्शनने कुणीही हललं नव्हतं. आणि पैसा गप्प बसला की काय होतं ते आता बघतेय.

२०१९ पासून आम्ही टेक्ससमध्ये आहोत, डॅलसजवळ. इथे २०१७ मध्ये असंच बिल आणलं होतं, तेव्हाचे राज्याच्या हाउसचे (विधानसभेचे) स्पीकर जो स्ट्रॉस, स्वतः रिपब्लिकन, त्यांनी ते पुढे जाऊ दिलं नाही. या वेळी कुणी अडवलं नाही. एसबी ८ नावाच्या तसल्याच बाथरूमच्या बिलावर गव्हर्नर ॲबटनी २२ सप्टेंबर २०२५ ला सही केली आणि ४ डिसेंबरपासून तो लागू झाला. सरकारी इमारती, शाळा, युनिव्हर्सिट्या, तुरुंग, आणि घरात मार खाल्लेल्या बायकांसाठीचे शेल्टरसुद्धा. दंड त्या व्यक्तीला नाही, संस्थेला, पहिल्यांदा २५,००० डॉलर, नंतर दर वेळी १,२५,०००. हे जास्त वाईट आहे असं मला वाटतं, कारण आता प्रत्येक शाळा, प्रत्येक लायब्ररी दंडाच्या भीतीने स्वतःच पहारेकरी होणार.

आपल्याकडे भारतात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात, ज्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या, तृतीयपंथीयांसाठी सार्वजनिक टॉयलेट्स द्या असं सरकारांना सांगितलं, आणि गावी गेले की मी बघते, कुठे आहेत? मुंबईत 'राइट टू पी' (लघवीला जायचा हक्क) चळवळीतल्या बायकांना तर आधी हेच भांडावं लागलं की पुरुषांना मुतारी फुकट आणि आम्हाला पैसे का. पण निदान तिथली मागणी दार उघडा अशी आहे, इथे उघडं असलेलं दार कायदा करून बंद केलं.

या वेळी मी गप्प बसले नाही. २०२४ मध्ये सिटिझन झाले, ऑगस्टमध्ये बिल चालू असताना आमच्या राज्य प्रतिनिधीच्या ऑफिसात चार वेळा फोन केला, पत्र लिहिलं, त्यात आईचं आणि एसटीचंही लिहिलं. साच्यातलं उत्तर आलं. परत लिहिणार आहे. मंडळाच्या कमिटीत पण भांडतेय की पाडव्याचा कार्यक्रम शाळेत नको, खासगी हॉल घेऊ, भाडं जास्त पडतं म्हणून अजून ठरत नाहीये. मी हॉलवाल्यांना फोन करते तेव्हा पार्किंगच्या आधी विचारते की एकट्याने आत जाऊन कडी लावता येईल अशी बाथरूम्स किती.

पाडव्याला ती येतेय रॉलीहून. डॅलसचा विमानतळ डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन शहरांच्या मालकीचा, म्हणजे तोही कायद्यात आला. काल तिचा मेसेज होता की उतरल्यावर सगळ्यात जवळचं फॅमिली बाथरूम कुठल्या गेटपाशी आहे ते बघून ठेवशील का. तिचं विमान सकाळी सहाचं आहे, आदल्या रात्रीपासून ती पाणी बंद करणार हे मला माहीत आहे. मी टर्मिनलचा नकाशा उघडून बसलेय.