आमच्या घराचा आकडा

जुलै लागला की आमच्या गल्लीत सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न फिरतो, ‘बंधारा किती?’ बंधारा म्हणजे कोल्हापूरच्या पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, आणि किती म्हणजे किती फूट. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मलाही होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या पाठांतराचा काडीचा उपयोग झाला नाही. ४३ ला धोका, तो नक्की कुणाला? माझ्या स्वयंपाकघराला की नदीकाठच्या देवळाला? हे कधी विचारलंच नव्हतं.

आमचं बैठं घर, आत पोटमाळा, वर स्लॅब. नदीपासून चालत दहा मिनिटं. घरात आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. त्या वर्षी पाणी पात्राबाहेर पडलं, मच्छिंद्रीही झाली (शिवाजी पुलाच्या कमानींपर्यंत पाणी चढलं की इथं तसं म्हणतात), तरी अख्खी गल्ली २००५ च्या मापानं चालली होती. सासूबाई तर ठामच. “पाचच्या सालात पायरी चढलं न्हाई पाणी. आता कुठलं चढतंय!” आम्ही सोफ्याच्या पायांखाली विटा लावल्या, धान्याचे डबे ओट्यावर ठेवले, उंबऱ्याशी मातीची पोती रचली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

पाणी दारातून आलंच नाही. पहाटे मोरीतून आलं. आधी पोटात गुरगुरावं तसा आवाज, मग जाळी उचलली गेली आणि काळपट पाणी शांतपणे स्वयंपाकघरात पसरायला लागलं. आम्ही पोती लावून पुढच्या दाराकडं बघत बसलो होतो, ते मागून आत. दोन तासांत गुडघाभर. फ्रीज आधी हलला, मग एका कोपऱ्यानं उचलला गेला आणि आडवा झाला. सिलिंडर तरंगतो, अगदी भरलेलासुद्धा, हे मला तेव्हा कळलं. रेग्युलेटर तसाच लावलेला, नळी ताणलेली आणि सिलिंडर बांधलेल्या वासरासारखा हिसके देतोय. ह्यांनी पाण्यात हात घालून तो बंद केला, तेव्हा मेन स्विच चालूच होता. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

बोट आली. बसताना सासूबाईंनी देवघरातला बाळकृष्ण पदरात घेतला. त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्येच राहिलं.

राजारामपुरीत नणंदेकडं गेलो. तो भाग उंचावर, पण तिथंही नळ कोरडे, कारण शहराला पाणी उचलणारी उपसा केंद्रंच बुडालेली. महामार्ग बंद, त्यामुळं पेट्रोल नाही, दूध नाही. अर्धं शहर पाण्यात आणि उरलेलं अर्धं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. इन्सुलिनसाठी हे चार मेडिकल फिरले, पाचव्यात मिळालं.

सहा दिवसांनी घरात पाय ठेवला. गाळाबद्दल सगळे बोलतात, पण गाळ धुवायची वेळ कुठली हे कुणी सांगत नाही. आमच्या शेजारी म्हशी पाळणारे एक मामा आहेत, त्यांनी नंतर सांगितलं. पाणी उतरत असतानाच खराट्यानं गाळ त्या पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. एकदा का पाणी निघून गेलं की तो बसतो, वाळला की खरवडावा लागतो. आम्ही खरवडला. खोऱ्यानं, मग उलथन्यानं, शेवटी लेकीच्या पट्टीनं.

लॅमिनेट केलेलं रेशनकार्ड निवांत असेल असं वाटलं होतं. एका कोपऱ्यातून पाणी आत शिरलं होतं आणि दोन प्लास्टिकच्या मधे चहासारखं साठून राहिलं होतं. लग्नाचा अल्बम म्हणजे एक वीट झाली होती. मी घाईनं पानं सोडवायला गेले आणि माझ्याच सासऱ्यांचा चेहरा समोरच्या पानाला चिकटून निघाला. असे फोटो स्वच्छ गार पाण्यात भिजवून हळूहळू सुटे करायचे असतात, हे पुढं एका फोटोग्राफरनं सांगितलं. स्कूटर बुडाली होती, ह्यांनी न राहवून एकदा स्टार्टर मारला. विम्याच्या सर्व्हेअरनं पहिलाच प्रश्न तो विचारला. ह्यांनी खरं सांगितलं आणि इंजिनाचा खर्च क्लेममधून गेला. पंचनामा झाला, शहरात १५ हजारांचं सानुग्रह अनुदान होतं. त्यातले पाच हजार रोख, बाकीचे खात्यावर. खातं क्रमांक सांगायला पासबुक शोधलं तर त्याचा लगदा.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर आम्ही दर वाढदिवसाला लेकीची उंची पेन्सिलीनं टिपतो. भिंतीवर पुराची तपकिरी रेघ उमटली होती, ती चौकटीवर तिच्या तिसरीतल्या खुणेच्या वर आणि चौथीतल्या खुणेच्या खाली होती. दिवाळीच्या सुट्टीत तिनंच टेप लावून मोजलं. जमिनीपासून ४ फूट २ इंच. मग म्हणाली, “आई, त्या दिवशी बंधारा सगळ्यात जास्त किती होता?” ५५ फूट ७ इंच. तिनं पाटीवर वजाबाकी मांडली. ५१ फूट ५ इंच.

म्हणजे बंधाऱ्यावर साधारण साडेएकावन्न झाले की आमच्या फरशीला पाणी लागणार. २००५ ला पायरीपाशी का थांबलं, तेही उलगडलं. तेव्हा बंधारा तिथवर गेलाच नव्हता. नदीचा उतार, नाल्यातून उलटं येणारं पाणी यांनी थोडं इकडंतिकडं होणार, पण हातात आकडा तर आला. मोरी फरशीपेक्षा वीतभर खाली, तिचा आकडा त्याआधीचा. आणि मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला सुचलीच नव्हती. “घरात पाणी कवा येतंय ते सोडा वहिनी. कोपऱ्यावरचा चौक कवा बुडतोय ते बघा. तिथनं रस्ता तुटला की तुमी घरातच.” तो चौक त्यांच्या हिशेबानं ४६ ला बुडतो. म्हणजे आमची खरी मुदत ५१ नव्हे, ४६.

या दोन आकड्यांवर सगळी तयारी उभी राहिली. पुराची बॅग भरून ठेवा असं सगळे सांगतात. बॅग आम्हीही भरली. पण अडचण बॅगेची नसते, ‘आता निघायचं का’ याची असते. रात्री अकराला, पाऊस थांबलेला, चांदणं पडलेलं, अशा वेळी घर सोडायला कुणाचा पाय निघत नाही. आणि कोल्हापुरात हाच घोळ. इथं ऊन असतं आणि तिकडं गगनबावडा, राधानगरीच्या घाटात ओतत असतं. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांना कुणी उघडायला लागत नाही, धरण भरलं की ते आपोआप उघडतात. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून ठरवायचं नाही, हे मी तयारीच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं.

कागद फ्रीजवर नाही, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. ३५ फुटाला कागदपत्रं, औषधं आणि पाण्याचे जार बघायचे. आम्ही चौघं, माणशी रोजचं प्यायला-रांधायला चार लिटर, पाच दिवस, म्हणजे ऐंशी लिटर, २० लिटरचे चार जार. ३९ ला स्कूटर नणंदेकडं, कारण पुढं तिथल्या रस्त्यावर गाडी लावायला जागाच उरत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी आम्ही कायमचीच माळ्याखालच्या लोखंडी फळीवर नेली. ऐनवेळी ती उचलायला चार माणसं कुठून आणायची! ४३ ला सासूबाई आणि लेक निघणार. त्यानंतर आमचं दोघांचं काम. मेन बंद, सिलिंडर बंद करून खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायचा, फ्रीज रिकामा करून टेबलावर, संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर जाड प्लास्टिक घालून वर मातीचं पोतं. आणि ४५ ला कुलूप.

यादी करणं सोपं होतं. ‘४३ ला सासूबाई निघणार’ हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवणं अवघड गेलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या उठून देवघरात गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “मी काय सामान हाय व्हय, यादीत घालायला?” त्यांचं खरंच होतं. मग मी कागद फाडला आणि नवा त्यांच्यापुढं बसून लिहिला. त्यात त्यांनी सांगितलेली कामं घातली. देव कुठल्या डब्यात, कापूर-वाती कुठं, लोणच्याची बरणी कोण नेणार. आणि इन्सुलिन. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वापरात असलेलं पेन खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालतं, न उघडलेलं मात्र गार जागी लागतं. वीज नसेल तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून छोट्या माठात. देवांच्या डब्यातच पेन ठेवायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. “देव इसरायची न्हाई मी,” म्हणाल्या.

कागदपत्रांचे फोटो डिजिलॉकरमध्ये आणि नणंदेच्या फोनमध्येही. घराचा विमाही काढला. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळ्या कंपन्यांची एकाच साच्यातली पॉलिसी आली आहे, पूर तिच्यात येतो. घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, सामानही त्यात आपोआप धरलं जातं. एजंट म्हणाला, कशाला, शंभर वर्षांतून एकदा येतो असा पूर.

पहिल्या पुरानंतर दोनच वर्षांत आला. जुलै २०२१.

आणि यादीतली चूक लगेच उघडी पडली. २०१९ ला पाणी दिवसागणिक चढलं होतं, म्हणून आम्ही दोन पायऱ्यांमध्ये एकेक दिवस गृहीत धरला होता. या वेळी तासागणिक चढत होतं. ३९ ची कामं चालू असतानाच ४३ जवळ आले. स्कूटर न्यायची का सासूबाईंना, असा प्रश्न पडला आणि ह्यांनी दोन्ही एकदमच नेलं. सासूबाई स्कूटरवर मागं, मांडीवर देवांचा डबा. ४५ ला कुलूप हे कागदावर ठीक होतं, माझा हात काही निघेना. शिलाई मशीन यादीत नव्हती. ती माळ्यावर चढवायच्या नादात अर्धा तास गेला. तेवढ्यात बाहेर घुंगरांचा आवाज आला. मामा म्हशी घेऊन निघाले होते. “वहिनी, म्हशी हलल्या. आता काय बघताय!” मशीन तशीच टाकून मी निघाले. चौकात पोटरीइतकं पाणी होतं.

तेव्हापासून यादीत एक ओळ वाढली आहे. म्हशी हलल्या की बंधारा न विचारता निघायचं.

बंधारा त्या वेळी ५६ फुटांच्या वर गेला. घरात रेघ सात-आठ इंच वर सरकली, म्हणजे लेकीची वजाबाकी बरोबर होती. नुकसान झालं. दारं फुगली, ओट्याखालची कपाटं गेली, मशीन गेली. पण फ्रीज टेबलासकट बुडूनही आत काही नव्हतं, सिलिंडर साखळीला शांत लटकत होता, आणि निघताना प्रत्येक खोलीचे काढलेले फोटो विम्याच्या कामी आले. पोत्यांनी मोरीचं पाणी थांबलं नाही, पण मैला वर आला नाही, आणि घर धुताना त्याचं मोल कळतं. या वेळी पाणी उतरायला लागल्याबरोबर आम्ही खराटे घेऊन हजर होतो. लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या आरोग्य खात्याची माणसं देत होती त्या घेतल्या, टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, आणि वायरमननं तपासल्याशिवाय मेनला कुणी हात लावला नाही.

जुलै २०२४ ला पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. ४० ला मी ऑफिसातून घरी आले तर सासूबाई खुर्चीत तयार बसलेल्या, पायात चपला, मांडीवर डबा. “रिक्षा बोलाव,” एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षी पाणी आमच्यापर्यंत आलं नाही. चार दिवसांनी परत आलो तर फरशी कोरडी, घर जसंच्या तसं, आणि सगळा संसार पोटमाळ्यावर. तो खाली उतरवायला दोन दिवस लागले. हे चिडचिड करत होते, उगाच चढवलं म्हणून. मिक्सरच्या भांड्याचं झाकण अजून सापडलेलं नाही.