देवमाशाच्या पाण्यासोबत पंढरीला

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते. मी आदल्या संध्याकाळीच पोचलो आणि इंद्रायणीच्या घाटावर बसलो. दिंडीतल्या काकूंनी मूठभर चुरमुरे पाण्यात टाकले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग गढूळ पाण्यात एक शेपटी वळली, रुपयाएवढे खवले क्षणभर चमकले आणि चुरमुरे गेले. काकूंनी हात जोडले. "देवमासा हो, माऊली!"

हा महाशीर, नदीतला मोठ्या खवल्यांचा मासा. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, अंडी घालायला गोटे लागतात. देहूच्या डोहात गळ टाकायची कुणाची छाती होत नाही, म्हणून तो इथे टिकला. पण बंदी गळाला आहे, नाल्याला नाही. सांडपाणी कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, तेव्हा मासे तोंड वर काढून तडफडतात. अशा एका सकाळी याच घाटावर मेलेल्या माशांचा खच मी पाहिलाय. तो वास अजून नाकातून जात नाही.

लोणी, यवत, बारामती मागे पडली. इंदापूरच्या मुक्कामी उजनी धरणावर मासेमारी करणारे एक दादा चहा घेऊन आले. "आमच्या आज्याच्या जाळ्यात वांब, मरळ यायची. आता बघावं तर चिलापीच." चिलापी मूळची आफ्रिकेची. घाणीत तगते, पिलं तोंडात सांभाळते. पुणे-पिंपरीचं सांडपाणी शेवटी याच साठलेल्या पाण्यात उतरतं.

सराटीला नीरेत पादुकांचं स्नान झालं. आमच्या दिंडीने यंदा ठरवलं होतं, नदीत साबण लावायचा नाही. बादलीने पाणी काढायचं आणि लांब जाऊन अंघोळ करायची. दोघं-तिघं कुरकुरले, पण ऐकलं. लाखो माणसांचा साबण म्हणजे थोडाथोडका नव्हे.

दशमीला चंद्रभागेत उतरलो. देहूची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि ती भीमा उजनीतून इथे येते. आम्ही रस्त्याने आलो, ते पाणी नदीने आलं. काकूंनी पिशवीच्या तळाशी उरलेले चुरमुरे सोडले. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. चुरमुरे तसेच तरंगत पुंडलिकाच्या देवळाकडे गेले.