तंबाखूची चव बदलल्याची तक्रार

नाशिकमध्ये कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून काम करताना चवीच्या तक्रारी नेहमीच ऐकाव्या लागतात. करोनाच्या साथीनंतर तर त्या फारच वाढल्या; कॉफी किंवा कांद्याची फोडणी सडल्यासारखी लागते, असे सांगणारे पुष्कळ रुग्ण त्या काळात मी पाहिले. मात्र ‘पाइपमधल्या तंबाखूची चव अचानक बदलली’ एवढीच तक्रार घेऊन आलेला रुग्ण एकच. ते तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळालीत स्थायिक झालेले एक कर्नल होते. पावसाळा सरत आला असताना ते ओपीडीत आले आणि खुर्चीत बसताच म्हणाले, “डॉक्टर, तंबाखू बिघडलेली नाही, याची खात्री करून आलो आहे. आता नाक तपासा.”

ही खात्री त्यांनी कशी केली होती, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. ते ओढत असलेल्या मिश्रणात व्हर्जिनिया आणि लाटाकिया अशा दोन तंबाखू होत्या. व्हर्जिनियाच्या पानात साखर भरपूर असल्यामुळे तिला गोडसर चव असते, तर लाटाकियाची पाने लाकडाच्या धुरावर धरून तयार करतात, त्यामुळे तिला धुरकट, उग्र वास असतो. चव बिघडल्यावर त्यांचा पहिला संशय अर्थातच देवळालीच्या पावसाळी हवेवर गेला. तंबाखू ओली राहिली की पाइप पुन्हा पुन्हा पेटवावा लागतो आणि वाफेने जीभ पोळते. ती फार वाळली तर भरभर जळते आणि वास उडून जातो. म्हणून त्यांनी चिमूटभर तंबाखू कागदावर पसरून, बोटांत दाबून सोडली की मोकळी होईल इतपत वाळवली. चवीत काही फरक पडला नाही. मग डब्याच्या वयाचा विचार झाला, कारण बंद डब्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या व्हर्जिनियाची चव सौम्य होत जाते आणि लाटाकियाचा धूरकटपणा उतरतो. त्यांनी एक जुना आणि एक नुकताच आणलेला असे दोन डबे फोडले. दोन्हींत तोच दोष आढळला. उरला पाइप. ब्रायर लाकडाच्या पाइपमध्ये आतून कोळशाचा थर साचतो आणि आधी ओढलेल्या तंबाखूचा वास त्यात मुरून बसतो. जावयाने भेट दिलेली व्हॅनिलाच्या वासाची तंबाखू त्यांनी मध्यंतरी त्याच पाइपमधून ओढली होती, म्हणून मीठ आणि अल्कोहोल घालून तो पाइप साफ केला आणि शेवटी कोरा करकरीत पाइपही वापरून पाहिला. इतके करून समाधान झाले नाही, तेव्हा तीच तंबाखू पलटणीतल्या एका जुन्या मित्राला ओढायला दिली. मित्राला तिच्यात काहीच वावगे वाटले नाही.

बहुतेक रुग्ण ‘तोंडाला चव नाही’ एवढे सांगून थांबतात. एकेक कारण बाजूला सारत इथवर आलेला रुग्ण क्वचितच भेटतो. म्हणून मी ती तक्रार जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवून घेतली.

चवींपैकी गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्शासारखी रुचकर चव) एवढ्याच जिभेला कळतात. आपण ज्याला चव म्हणतो तिचा बाकी बराचसा भाग घशाच्या मागच्या वाटेने नाकात पोहोचलेल्या वासाचा असतो. पाइप ओढणारे बरेच जण धूर छातीत न घेता तोंडातच खेळवतात आणि त्यातला थोडा सावकाश नाकावाटे सोडतात. म्हणून मी विचारले, “कर्नलसाहेब, हे दिवसभर सारखेच जाणवते का?” ते म्हणाले, “नाही. सकाळी अंगणात फेऱ्या मारताना ओढला तर चांगला लागतो. संध्याकाळी पेपर वाचत बसलो की बिघडतो. संध्याकाळची दमट हवा असेल.” मी त्यांना एकेक नाकपुडी बोटाने बंद करून श्वास सोडायला आणि मान खाली घालायला सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, “उजवीकडून. कांदाचाळीत सडलेल्या कांद्यासारखा वास.” आता आठवून पाहता चहा पितानाही तो थोडासा येत होता, पण त्याकडे त्यांनी लक्ष दिले नव्हते. घरात मॅडमना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मात्र असा कोणताही वास येत नव्हता.

एकाच बाजूचा दुर्गंध आणि कित्येक वर्षांची तंबाखू, हे दोन्ही एकत्र आले की माझ्या मनात पहिला विचार कर्करोगाचा येतो. त्या दिवशीही तो आला आणि एंडोस्कोपीची तयारी करताना मी अस्वस्थ होतो. नाकात दुर्बीण घातल्यावर उजव्या बाजूला मधल्या पाकळीखालून पिवळट पू उतरताना दिसला. गाठ कुठेच दिसली नाही. सीटी स्कॅनमध्ये गालामागचे, वरच्या जबड्याच्या हाडातले उजवे सायनस (हवेची पोकळी) पूर्ण भरलेले होते आणि वरच्या पहिल्या दाढेच्या मुळाशी सायनसच्या तळाचे हाड झिजून गेलेले होते. त्या दाढेचे रूट कॅनाल फार पूर्वी झालेले असल्यामुळे आतली नस राहिलेली नव्हती, म्हणून मुळाशी जंतुसंसर्ग वाढूनही ती कधी दुखली नव्हती. वरच्या दाढांची मुळे या सायनसच्या तळाला जवळजवळ टेकलेलीच असतात, आणि अशा दातांतून चढलेल्या संसर्गात प्राणवायूशिवाय वाढणारे जंतू पुष्कळदा असतात. सडका वास त्यांचाच असतो.

संध्याकाळचे कोडेही तिथेच सुटले. या सायनसचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असते. ताठ चालताना पू आत साचून राहतो आणि पेपरवर मान झुकवली की बाहेर झिरपतो. नेमक्या त्याच वेळी कर्नलसाहेब नाकावाटे धूर सोडत असत.

पुढचे उपचार नेहमीचे होते. दंतवैद्यांनी दाढ काढली, मी दुर्बिणीतून सायनसचे तोंड मोकळे केले आणि तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात कर्करोग नसल्याचा अहवाल आला. अशा जंतूंवरच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळीने तोंडाला धातूसारखी चव येते, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले. पाइप मात्र पूर्ण बंद करायला लावला, कारण दाढेच्या खड्ड्यातून सायनसपर्यंत वाट राहिली असेल तर पाइप ओढताना तोंडात निर्माण होणाऱ्या ओढीने ती भरून येत नाही, आणि धुरामुळे जखमही उशिरा भरते.

काही आठवड्यांनी ते त्याच तंबाखूची बरणी घेऊन आले. न पेटवता, एकेका नाकपुडीने वास घेऊन त्यांनी सांगितले, “दोन्हीकडून लाटाकिया. फक्त लाटाकिया.” त्यांचा चेहरा खुलला होता आणि मलाही मनापासून आनंद झाला, पण मला जे सांगायचे होते ते त्या आनंदात राहून जाऊ नये, म्हणून मी त्यांना स्क्रीनसमोर बसवले. पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोत त्यांची टाळू पांढुरकी, जाड झालेली होती आणि तिच्यावर लाल ठिपके उठले होते. गरम धुराने लाळेच्या बारीक ग्रंथींची तोंडे सुजली की असे ठिपके दिसतात, आणि हे चित्र पाइप ओढणाऱ्यांत विशेष आढळते. धूर छातीत न घेतल्याने जीभ, तोंडाचा तळ आणि घसा कर्करोगापासून वाचत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. मग त्याच दिवशी काढलेला फोटो शेजारी लावला. पाइप बंद राहिल्यामुळे टाळू बरीचशी गुलाबी झाली होती. त्यांनी चष्मा लावून दोन्ही फोटो बराच वेळ निरखले आणि मॅडमना दाखवण्यासाठी त्यांच्या प्रती मागून घेतल्या.