घरात माग असून शिकला का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नात, ऑफिसात, परवा तर दाढी करताकरता न्हाव्यानंही विचारलं, ‘सनगराच्या घरात जन्मून घोंगडी विणता येत नाही? आता केवढी मागणी आहे!’

काहीच येत नाही, हे खोटं. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचे, शिजवून धाग्यांना लावायची खळ करायची, एवढं मला आजही जमेल. खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर मात्र अण्णांनी बसूच दिलं नाही.

सांगोल्याकडच्या आमच्या गावात ताणा, म्हणजे घोंगडीचे उभे धागे, गल्लीतच ताणायचे. एका उन्हाळ्यात अण्णा कुंच्यानं खळ फिरवत होते आणि मी मागून चिकटलेले धागे बोटांनी सोडवत होतो. वळीव कधी आला कळलंच नाही. ताणा गुंडाळेपर्यंत खळ गटारीत गेली आणि आई-आजीनं चरख्यावर कातलेल्या काळ्या लोकरीचा गुंता झाला. रात्रभर अण्णा बल्बखाली एकेक धागा सुटा करत बसले. तुटला की थुंकी लावायची, चिमटीत पिळायचं, पुढचा घ्यायचा. सकाळी मी शाळा बुडवून शेजारी बसलो, तर मान वर न करता म्हणाले, ‘दप्तर घे. ह्या खड्ड्यात पाय सोडलास तर बघ.’

मला वाईट वाटलं असेल, असं सगळे धरून चालतात. मला सुटल्यासारखं वाटलं.

पूर्वी मी ‘पोट भरत नव्हतं’ म्हणून विषय मिटवायचो. पोट भरत होतं हो, उसनवारीवर का होईना. पुढे लोकरच आटली. मटणाला भाव आला तशी धनगरांनी माडग्याळ मेंढी धरली, तिच्या अंगावर लोकर नावालाच. दख्खनी काळी मेंढी कमी झाली, लोकांनी अंगावर ब्लँकेटं घेतली. मी शिकलो असतो तर यातलं काय थांबलं असतं?

पण चुलतभाऊ अजून विणतोय. जावळाच्या, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीच्या घोंगडीचे त्याला बरे पैसे मिळतात. म्हणजे मलाही जमलं असतं? असेलही. त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं की वाटतं, नको रे बाबा. त्याच्या मुलानं मागावर हौसेनं धोटा टाकलेला बघितला की पुन्हा तोंड बंद होतं.

एक मात्र आहे. विचारणाऱ्यांपैकी एकानंही त्याच्याकडून घोंगडी घेतलेली नाही. ‘टोचते हो,’ म्हणतात. टोचणारच, लोकर आहे ती.