विटा ते सिस्सू, आणि टायरवरचे तीन डोंगर

जानेवारीत विट्याहून आमच्या गाडीनं मनालीला आणि तिथनं पुढं अटल बोगद्यापलीकडं सिस्सूला जाऊन आलो. सगळे मिळून अकरा दिवस. फोटो टाकल्यावर बऱ्याच जणांनी रूट, हॉटेल, खर्च असं काय काय विचारलं, ते ज्याला पाहिजे त्याला मी फोनवर सांगीन, पण त्या अकरा दिवसांतली दहा-बारा सेकंदं अजून डोक्यातनं जात नाहीत म्हणून हे लिहायला बसलोय.

आधीपासून सांगतो. गाडीचे टायर बदलायला आलेच होते. खाचांच्या तळाशी बारकासा उंचवटा असतो बघा, टायर घासून नक्षी १.६ मिलिमीटर उरली की तो वरच्या रबराच्या बरोबरीला येतो, तिथपर्यंत जवळजवळ आलो होतो. म्हणलं बर्फात जायचंय तर चांगलेच घालू. नेहमीच्या टायरवाल्याला विचारलं, बर्फाचे टायर आहेत का. तो म्हणाला, "दादा, बर्फाचे हितं कोण मागतंय? मागवले तरी कधी येतील सांगता येत नाही. हे घ्या, ऑल सीझन, नक्षी बघा केवढी खोल आहे." बोट घालून बघितलं, खरंच खोल होती. उसाच्या सीझनमध्ये ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल असो नाहीतर शेताकडची वाट असो, असल्या टायरला काय अडचण येणार नाही हे दिसतच होतं. चार टायरचे चौतीस हजार दिले.

त्याच रात्री मॉन्ट्रियलच्या मावसभावाचा फोन आला. त्याला कौतुकानं सांगितलं तर तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "ऑल सीझन घेऊन बर्फात जाऊ नकोस. आमच्याकडं क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च बर्फाचे टायर कायद्यानंच लागतात, नाहीतर दंड." तो वर्षातनं दोनदा टायर बदलतो, एक सेट गाडीला, एक तळघरात. मी त्याला म्हणलं, तुमच्याकडं चार-चार महिने बर्फ, आम्ही दोन दिवस जाणार, दोन दिवसासाठी कशाला एवढं. हे वाक्य मी बोललोय आणि त्याचं मला आजपण वाईट वाटतं.

विटा, कराड, पुणे, नाशिक, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चंदीगड. यातलं आण्णांची धरलेली कंबर आणि पोराचं "पप्पा अजून किती" सोडून मला काही आठवत नाही.

हिमाचलातल्या मंडी गावात मात्र मुक्काम करायचाच होता, कारण तिथं तात्या आहेत. तात्या आमच्या घाटमाथ्यावरच्याच गावचे, आण्णांबरोबर शाळेत होते. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामात, देशभर पसरलीत. कुठल्याही मोठ्या गावातल्या सराफ बाजारात जावा, मागच्या बोळात ॲसिडच्या वासावरनं आपला माणूस सापडतोच. तात्या तीस वर्षांपूर्वी दुष्काळाला कंटाळून निघाले ते मंडीत थांबले. घरात शिरलो तर भिंतीवर रेणावीच्या रेवणसिद्धाचा फोटो, आणि काकींनी गावाकडनं आलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी टाकलेल्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. तीन दिवस ढाब्यावरचं खाल्ल्यावर ती भाकरी बघून आण्णांच्या डोळ्यात पाणी आलं. पुढं मनालीत चार हजाराच्या खोलीत गरम पाण्यासाठी तीनदा रिसेप्शनला फोन करावा लागला तेव्हा मला काकींच्या चुलीवरचं पातेलं आठवत होतं.

तात्या म्हणाले, मलापण मनालीच्या सराफाकडं काम आहे, चला बरोबर, पोराला सिस्सू दाखवून आणू. त्यांची गाडी म्हणजे दहा वर्षांची छोटी हॅचबॅक, दोन्ही दारांना चेपलेली. ती बघून मला वाटलं ही काय वर चढती. काळजीनं मी त्यांना म्हणलंसुद्धा, तात्या आमच्याच गाडीत बसा.

दोन दिवसांपूर्वी बर्फ पडून गेला होता. मनालीच्या पुढं नेहरू कुंडाजवळ पोलीस एकेक गाडी बघून सोडत होते, फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, असेल तर जावा, नसेल तर चाकांना चेन पाहिजे. दीड हजार देऊन चेन भाड्यानं घेतली. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, म्हणून चेन पुढच्या चाकांना. लावणाऱ्या पोरानं सांगितलं तीसच्या वर जाऊ नका आणि कोरडा रस्ता लागला की काढा, नाहीतर चेन तुटंल आणि टायरपण खाईल. तात्यांच्या डिकीत त्यांची स्वतःची चेन होती, ती दाखवली आणि पुढं निघाले, लावली नाही. निघताना माझ्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "घसरली तर ब्रेकवरनं पाय काढायचा. चाक फिरलं तर गाडी वळंल."

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, दहा हजार फुटांच्या वर. त्याच्या आधी रोहतांगची खिंड बर्फानं बंद झाली की लाहौल खोऱ्यातली माणसं हिवाळाभर पलीकडं अडकायची. पोरानं आत शिरल्यापासून घड्याळ लावलं होतं. बाहेर पडलो आणि सगळे एकदम गप्प झालो, एवढं पांढरं आमच्यात कुणी कधी बघितलं नव्हतं. आण्णा नुसते हात जोडून बसले.

सिस्सूबद्दल फार लिहीत नाही. चंद्रा नदी सुंदर आहे, समोरचा धबधबा गोठलेला होता, पण माणसं एवढी आणि गाण्यांचा आवाज एवढा की जत्रेत उभं राहिल्यासारखं वाटलं. भाड्याचे बूट, भाड्याचे कोट, बर्फात रुतलेली मॅगीची ताटं. बायको म्हणाली, थोडं पुढं जाऊन शांत उभं राहू. पण चार वाजत आले होते आणि तात्या घाई करत होते, ऊन गेल्यावर रस्ता बदलतो म्हणून.

चेनचं असं की सकाळपासून मी ती दोनदा काढली होती आणि दोनदा लावली होती. दरवेळी दहा-पंधरा मिनिटं गुडघ्यावर बसून, बोटं लाकडासारखी झालेली. परत येताना बोगद्याच्या तोंडाशी काढली आणि अलीकडं बाहेर पडलो तर रस्ता काळा दिसत होता. ओला, पण काळा. म्हणलं आता उतारच आहे, बर्फ नाही, कशाला लावायची. तात्यांची गाडी पन्नास-साठ मीटर पुढं होती.

मग ते वळण आलं. ऊन डोंगरामागं गेलेलं. दिवसभर वितळून रस्त्यावर आलेलं पाणी त्या सावलीत परत गोठलं होतं आणि त्याच्यातनं खालचं डांबर आरपार दिसत होतं, म्हणून वरनं काही कळत नव्हतं. मी पंचवीसच्या आसपास होतो. वळणाच्या आधी ब्रेकवर पाय ठेवला तर पायाखाली एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ नयेत म्हणून ब्रेक धरत-सोडत राहणारी यंत्रणा, थडथडायला लागलं आणि गाडीचा वेग तेवढाच राहिला. स्टेअरिंग फिरवलं, गाडी सरळच. हातात स्टेअरिंग एकदम हलकं झालं होतं, खाली काही जोडलेलंच नसल्यासारखं. समोर वळणाच्या तोंडाशी एक कुटुंब फोटो काढत उभं होतं आणि त्यांच्यात लाल टोपीची एक पोरगी, पायात भाड्याचे मोठे बूट, ती आमच्याकडंच बघत होती. आण्णा मागनं "पांडुरंगा" म्हणाले. मी हॉर्न दाबून धरला होता आणि ब्रेकपण तसाच दाबून धरला होता. तात्यांचं बोलणं आठवलं का पाय आपोआप उचलला गेला मला माहीत नाही, पण पाय उचलला, चाकं फिरली, गाडीनं तोंड वळवलं आणि रस्त्याकडंच्या बर्फाच्या ढिगात जाऊन घुसली. बंपर मोडल्याचा आवाज आला. ती पोरगी आणि आमची गाडी यांच्यात दोन हाताचं अंतर राहिलं. तिच्या आईनं तिला कधी उचललं ते मला दिसलंच नाही.

मी उतरेपर्यंत मागनं एक फोर बाय फोर जीप आली, तीपण तशीच घसरत आमच्या शेजारनं गेली आणि पुढं आडवी होऊन थांबली. तो ड्रायव्हर रोजचा होता. फोर बाय फोर गाडीला निघायला आणि चढायला मदत करतं. थांबायच्या वेळी काय, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना असतो, तिथं पकड धरतं ते रबरच.

आणि तात्यांची चेपलेली हॅचबॅक याच वळणावरनं, याच बर्फावरनं, माझ्या डोळ्यादेखत निवांत वळून गेली होती. तात्या चालत परत आले, आधी त्या बाईजवळ जाऊन हात जोडले, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. एक शब्द बोलले नाहीत.

बोलले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मनालीच्या हॉटेलच्या आवारात. सात वाजलेले, गाडीच्या डिस्प्लेवर उणे पाच. हवा बघितली तर तीपण उतरलेली, तापमान दहा अंश खाली गेलं की दीड-दोन पीएसआय जातेच. तात्यांनी माझं बोट धरून पोराला शिकवावं तसं माझ्या टायरवर ठेवलं आणि म्हणाले, नख दाब. दाबलं. वाळलेल्या चामड्यासारखं रबर, नख सटकलं. मग त्यांच्या टायरवर दाबायला लावलं तर नख रुतलं, काढल्यावर बारीक खूण दिसली आणि हळूहळू भरून आली. त्याच आवारात रात्रभर उभ्या असलेल्या दोन गाड्या.

तात्या सांगायला लागले की आपलं रबर सात अंशाच्या खाली गेलं की आखडायला लागतं, बर्फाच्या टायरचं मिश्रण वेगळं असतं, ते थंडीत मऊ राहतं. नक्षीचंपण तसंच. माझ्या टायरवर मोठे मोठे ठोकळे, चिखल फेकायला उत्तम. त्यांच्या टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं माराव्यात तशा नागमोडी चिरा, पोरानं एका ठोकळ्यावर सात मोजल्या. चाक टेकलं की त्या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मग मोबाईलची बॅटरी लावून टायरची बाजू दाखवली. माझ्यावर एम प्लस एस लिहिलेलं, म्हणजे मड आणि स्नो, तेवढ्यावर तर मी विट्यात खूश झालो होतो. ती अक्षरं कंपनी नक्षी बघून स्वतःच टाकू शकते. त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ते चित्र टायरला बर्फावर चालवून, चाचणीत पास झाल्यावरच मिळतं. ऑल सीझनमध्येही काही टायरना ते असतं, ते त्यातल्या त्यात बरे, तरी गोठलेल्या रस्त्यावर खऱ्या बर्फाच्या टायरची सर नाही. तात्यांचं सिस्सूच्याही पुढं केलाँगपर्यंत जाणं-येणं, त्यांनी श्रीनगरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडनं मागवलेत आणि एप्रिलमध्ये काढून ठेवतात, कारण उन्हात ते रबर भराभर झिजतं आणि गरम डांबरावर ब्रेकलापण ढिलं पडतं.

मी विचारलं, पुढचे दोनच घातले तर? तात्या एकदम चिडले. पुढची चाकं धरणार आणि मागची सुटणार, उतारावर गाडी स्वतःभोवती फिरंल, घालायचे तर चारी.

आमच्या ऑल सीझनमध्ये उन्हाळा, पावसाळा आणि आमचा तो स्वेटरवाला हिवाळा येतो. विट्यात मे महिन्यात चाळीसच्या वर जातं, तिथं बर्फाचे टायर घेऊन काय करणार, आणि दोन दिवसासाठी दुसरा सेट परवडतपण नाही, हे मला आजही मान्य आहे. मग आपली गाडी मनालीत लावायची आणि पुढं ज्याच्या टायरवर तो डोंगर आहे असा तिथला माणूस बघायचा. भाडं ठरवायच्या आधी खाली वाकून टायर बघा, तो हसला तरी बघा. आणि स्वतःची गाडी न्यायचीच असेल तर चेन लावायचा कंटाळा करू नका. मी फक्त पंधरा मिनिटांचा कंटाळा केला होता. ती लाल टोपी अजून झोपेत येते.

परतीचे चार दिवस मी गाडी ऐंशीच्या वर नेली नाही, कुणी काही बोललं नाही. विट्यात पोचलो तेव्हा दुपार होती, बत्तीस अंश. बायको आणि आण्णा आत गेले. मी अंगणात गाडीजवळ खाली बसलो आणि त्याच पुढच्या टायरवर नख दाबलं. रुतलं.