पान्ह्याआधीचे अर्धे मिनिट

स्तनपान समुपदेशक म्हणून प्रसूती विभागात काम करताना माझ्यापुढे येणाऱ्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. स्तनाग्रांना चिरा पडलेल्या असतात, छातीत गाठी झालेल्या असतात, बाळ एकाच बाजूला पीत असते, किंवा दूध पुरत नाही अशी आईची आणि त्याहून अधिक घरच्यांची समजूत झालेली असते. त्या दिवशी आलेल्या केसपेपरवर यांपैकी काहीच नव्हते. ‘पाजण्यास टाळाटाळ, प्रसूतीनंतरच्या नैराश्याची शक्यता’ एवढाच शेरा होता. बाळ दीड महिन्याचे होते, दुसरे होते, आणि त्याच्या वजनाचा तक्ता इतका चांगला चढत होता की टाळाटाळ करणाऱ्या आईचे हे बाळ असेल यावर माझा विश्वास बसेना.

मी त्यांना काय होते ते विचारले. त्यांनी आधी सगळे ठीक असल्याचे सांगितले, आणि सोबत आलेली त्यांची आई औषधे आणायला बाहेर गेल्यावर मात्र त्या बोलू लागल्या. “पाजायला घेतलं की पोटात खड्डा पडतो, सिस्टर. घरात सगळे असतात, तरी आपण कुठेतरी फार लांब एकटे राहिलोय असं वाटतं. रडू येईल असं वाटतं, पण रडायच्या आत ते निघून जातं. मग लाज तेवढी उरते.”

त्यांनी वापरलेल्या शब्दांत ‘निघून जातं’ हे मला महत्त्वाचे वाटले. नैराश्य असे घड्याळ लावून येत-जात नाही. तरीही अंदाजावर विसंबणे योग्य नव्हते, म्हणून आमच्याकडे नेहमी वापरली जाणारी, 1987 साली प्रसिद्ध झालेली, प्रसूतीनंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी दहा प्रश्नांची एडिनबरो मापनी मी त्यांच्याकडून भरून घेतली आणि स्वतःला इजा करून घेण्याविषयीचा शेवटचा प्रश्न तोंडीही विचारला. गुण कमी आले, म्हणजे नैराश्याची शक्यता कमी होती. झोप मिळाली तर लागत होती, भूक होती, मोठ्या मुलीशी खेळण्यात रस होता. दिवसाचा उरलेला सारा वेळ त्या त्यांच्या नेहमीच्या स्वभावाप्रमाणेच होत्या.

मग मी त्यांना तिथेच बाळाला पाजायला सांगितले आणि बाळाबरोबर त्यांच्या चेहऱ्याकडेही पाहत बसले. समुपदेशनात आमची नजर सवयीने बाळाच्या तोंडावर खिळलेली असते, पकड खोल आहे का, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे का, हे पाहण्यात. पकड उत्तम होती. सुरुवातीला बाळ भराभर, उथळ चोखत होते. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा एकदम उतरला, मोकळा हात पोटावर गेला आणि त्यांनी भिंतीकडे तोंड वळवले. साधारण अर्ध्या मिनिटानंतर चोखण्याची लय बदलली, ती संथ आणि खोल झाली आणि गिळण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, म्हणजे पान्हा फुटला होता. त्यानंतर फार वेळ गेला नाही तोच त्या सैलावल्या आणि बाळाच्या केसांवरून हात फिरवू लागल्या. बाळ मात्र अजून पीतच होते.

हा क्रमच सगळे सांगत होता. बाळ अंगाला लागल्यापासून सुटेपर्यंत टिकणारी चीड किंवा किळस हा वेगळा प्रकार आहे आणि तोही मी अनेक मातांमध्ये पाहिला आहे. इथे खिन्नता पान्ह्याच्या आधी येत होती आणि दूध वाहू लागल्यावर ओसरत होती. मी विचारले, “ब्रेस्ट पंप लावता तेव्हाही असं होतं का?” होत होते. बाळ दुसऱ्या खोलीत रडले आणि नुसत्या आवाजाने दूध आले, तेव्हा? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हो. तेव्हा तर बाळ जवळही नव्हतं.”

पान्हा फुटताना येणाऱ्या खिन्नतेच्या या प्रकाराला ‘डिस्फोरिक मिल्क इजेक्शन रिफ्लेक्स’, थोडक्यात डी-एमईआर, असे म्हणतात. त्याविषयीचा पहिला रुग्णवृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात 2011 मध्ये आला, त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकांत तो सापडत नाही आणि अनेक अनुभवी सहकाऱ्यांनीही त्याचे नाव ऐकलेले नसते. मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावले. ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि दूध पुढे ढकलले जाते. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढायचे तर त्याला एरवी रोखून धरणारे मेंदूतील डोपामिन हे रसायन खाली यावे लागते. बहुतेक स्त्रियांना ही घट जाणवतही नाही. काहींमध्ये ती फार झपाट्याने किंवा फार खोल होत असावी आणि म्हणून मन काही क्षण कोसळत असावे, अशी उपपत्ती आहे. ती अजून सिद्ध झालेली नाही, हेही मी त्यांना सांगितले, कारण अर्धवट माहिती खात्रीने सांगितली तर पुढच्या वेळी आपल्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

त्यांनी मग जे विचारले ते खरे दुखणे होते. “मोठीच्या वेळी असं कधीच नव्हतं. मग हिच्यावर माझं प्रेम कमी आहे का?” पहिल्या बाळंतपणात नसलेला हा त्रास नंतरच्या बाळंतपणात उद्भवू शकतो, आणि नुसत्या पंपानेही जी भावना येते तिचा बाळाशी संबंध जोडता येत नाही, हे मी सांगितले. त्यांना यातला दुसरा मुद्दा अधिक पटला.

याच बाईंनी प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत पाजताना पोटात कळा येतात असे सांगितले होते, तेव्हा कोणालाही नवल वाटले नव्हते. गर्भाशय आकसते, दुसऱ्या खेपेला कळा जास्त येतात, असे सांगून त्यांची लगेच समजूत घालण्यात आली होती. पान्हा फुटताना छातीत मुंग्या येणे, अचानक घसा कोरडा पडणे, डोळे मिटू लागणे, हेही आम्ही आपण होऊन सांगतो. काही स्त्रियांना पाजताना कामुक संवेदना जाणवते. स्तनाग्रांच्या मज्जातंतू आणि ऑक्सिटोसिनमुळे तसे होऊ शकते आणि त्यात विकृत काही नाही, पण ती बाई हे विचारणार कोणाला? खिन्नतेचेही तसेच आहे. शरीराला काय होते ते आम्ही खोदून विचारतो, मनाला काय होते ते विचारलेच तर ‘बरे वाटते ना?’ एवढेच, आणि त्या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर देण्याची सोय नसते. माझ्या मते ‘नेमके केव्हा होते?’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे, कारण त्याचे उत्तर देताना कोणाला चांगली आई असल्याचे सिद्ध करावे लागत नाही.

डी-एमईआरवर सर्वमान्य असे औषध नाही. पुष्कळ मातांना हे काय आहे ते कळल्यानेच निम्मा धीर येतो. पाजायला बसताना गार पाण्याचा पेला जवळ ठेवणे, तेवढ्या वेळापुरते मन दुसरीकडे वळवणे, शक्य तेवढी झोप मिळवणे, याचा काहींना उपयोग होतो. केसपेपरवरील शेऱ्याखाली मी निरीक्षण आणि मापनीचे गुण लिहिले, डॉक्टरांशी बोलले, आणि खिन्नता पाजण्याच्या वेळेपलीकडे रेंगाळू लागली तर लगेच यावे, असे त्यांना बजावले.

त्या पुन्हा आल्या तेव्हा त्रास थांबलेला नव्हता, पण त्याला त्या आता घाबरत नव्हत्या. रात्री तो अधिक जाणवे, म्हणून रात्रीचे एक पाजणे पतीकडे सोपवून, आधी काढून ठेवलेले दूध बाळाला देण्याचे त्यांनी स्वतःच ठरवले होते. “बंद केलं असतं तर तुम्ही रागावला असता का?” असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. फक्त एकाएकी बंद करू नका, एवढे सांगितले असते, कारण दूध तुंबून स्तनदाह होऊ शकतो, आणि एकेक पाजणे कमी करत जाण्याचे वेळापत्रक मीच त्यांच्याबरोबर बसून आखून दिले असते.